सहाव्या मजल्यावरची बाजरी

माझ्या गॅलरीतून सोजरकाकींचं रान दिसतं. गॅलरी चौथ्या मजल्यावर आहे, आणि ती ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी माझीच होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी टोमणा मारायला नको. आमच्या चऱ्होलीत माझ्यासारखे पुष्कळ आहेत. रान विकायचं, त्याच जागेवर फ्लॅट घ्यायचा आणि संध्याकाळी चहाचा कप हातात धरून दुसऱ्याच्या शेताला नावं ठेवायची.

काकींनी विकलं नाही. पावणेदोन एकराचा तुकडा आहे त्यांचा. एका अंगाला आमची सोसायटी, दुसऱ्या अंगाला अर्धवट उभी राहिलेली नवी इमारत, तिसरीकडे मंगल कार्यालय, आणि चौथीकडे तो रस्ता, जो गेली सहा वर्षं फक्त नकाशातच चकाचक आहे. मधोमध बाजरी.

सोजरकाकी म्हणजे माझ्या चुलत्यांची, सोपानरावांची, मंडळी. चुलते जाऊन आठ वर्षं झाली. काकी एकोणसत्तरच्या आहेत आणि अजून सकाळी सहाला बांधावर असतात. कामाला म्हणून जात नाहीत, रान बघायला जातात. बघता बघता हात चालू होतो आणि दहा वाजेपर्यंत चार ओळी खुरपून झालेल्या असतात. मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या आहे, चाकणच्या कंपन्यांना कामगारांसाठी माझ्या अकरा बस लागलेल्या आहेत, राजकारणात थोडीफार उठबस आहे. पण काकींच्या लेखी मी अजून जयद्याच. त्यांचा मुलगा शेखर चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि सून मंजुषा हिंजवडीला कॉम्प्युटरवर. शेखर दरवर्षी म्हणतो, "आई, आता बास कर." आणि दरवर्षी काकी म्हणतात, "व्हय, बास करते," आणि पेरतात.

आता बाजरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. दुकानात मिळते ती ही नव्हे. ही आमच्या घरची. माणसाच्या डोक्यावर जाते, कणीस हातभर लांब आणि त्याला बारीक कुसळं असतात, त्यामुळे पाखरं तोंड लावत नाहीत. भाकरी जरा हिरवट होते आणि तिला असा काही वास असतो की ताटात कालवण नसलं तरी चालतं. तिचं बी आमच्या घरात सासूकडून सुनेकडे येत गेलं. काकींना ते त्यांच्या सासूने दिलं, सासूला तिच्या सासूने. बाहेर द्यायचं नाही, विकायचं नाही, अशी रीत. बी निवडायची पद्धतही ठरलेली. विळा लागायच्या आधी काकी उभ्या पिकातून फिरतात. कणीस हातात घेतात, दाबून बघतात, ताटाचं बूड हलवून बघतात, आणि मनात भरलं तर जुन्या लुगड्याची चिंधी त्या ताटाला बांधतात. चिंधी बांधलेलं कणीस दुसऱ्या कुणी तोडायचं नाही. मंजुषाला मात्र आता त्या बरोबर घेऊन फिरतात. तिने एकदा मोबाइलवर यादी करायला घेतली होती. काकी म्हणाल्या, "यादी करू नगं, हात लाव. हाताला कळतंय."

मागच्या वर्षी मे महिन्यापासूनच पावसाने पिच्छा पुरवला. जूनमध्ये काकींनी पेरलं आणि दुसऱ्याच दिवशी पावसाने असं झोडपलं की वरची माती थापल्यासारखी घट्ट झाली. कोंब वर येऊ शकले नाहीत. पुन्हा पेरावं लागलं. घरात राखून ठेवलेलं बी होतं नव्हतं तेवढं जमिनीत गेलं. काकींनी रिकामा डबा उलटा करून मला दाखवला आणि म्हणाल्या, "आता ह्या डब्यात काय पडंल ते रानातनंच पडंल. न्हाई पडलं तर संपली आमची बाजरी."

मी म्हणालो, "काकी, दुकानात पाहिजे तेवढं मिळतं की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

पीक मात्र आलं. आणि काय आलं! ऑगस्टअखेर गॅलरीतून बघत होतो तर मंगल कार्यालयाचं गेट दिसेनासं झालं होतं. गणपती बसले, दाणे भरले. काकींनी दीडशे चिंध्या बांधल्या. आठवडाभर ऊन मिळालं असतं तर काम फत्ते होतं.

ऊन कुठलं? पूर्वा नक्षत्र लागलं आणि आभाळ फाटलं. अकरा दिवस सूर्य नाही. पिकलेल्या बाजरीला पाऊस फार वाईट. दाणा तयार झालेला असतो, त्याला ओल मिळाली की त्याला वाटतं आपली पेरणी झाली, आणि तो कणसातच मोड काढतो. असा दाणा ना भाकरीच्या कामाचा ना बियाण्याच्या. पलीकडच्या वडमुखवाडीच्या अंगाला एकाने दुकानातली बाजरी केली होती, तिची कणसं नवव्या दिवशी हिरवी दिसायला लागली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय टवटवीत पीक आहे!

काकींची तग धरून होती. कुसळांवरून पाणी ओघळून जात होतं. तरी त्या रोज छत्री घेऊन जायच्या, एक कणीस तोडायच्या, तळहातावर चोळून दाणे डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की संपलं. अकराव्या दिवशी त्यांना खालच्या, पाणथळ अंगाच्या एका कणसात तो ठिपका दिसला.

बाराव्या दिवशी पावसाने चार तास उघडीप दिली. काकी, मंजुषा आणि गावातल्या दोन बायका चिखलात उतरल्या आणि खालचं अर्धं रान कणसं खुडून मोकळं केलं. चिंधीची कणसंही त्यात आली, निम्म्याहून जास्त. ती सगळी काकींनी गोठ्यात आणवली. संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. मंजुषाने गोळी दिली, अंगावर दोन गोधड्या टाकल्या. मला काकींनी खाटेवरूनच बजावलं, "जयद्या, कणसं पातळ पसरून ठिव. मधी मधी हालव. रास घालू नगंस."

"तुमी काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात ज्यांना ज्यांना म्हटलं त्या सगळ्यांना काळजी करावी लागली आहे.

गोठ्याचा पत्रा तीन ठिकाणी गळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर पसरलेल्या कणसांवर ठिबक ठिबक चाललेली. मला वाटलं, हे तर भिजणार! मग मी माझी अक्कल चालवली. ड्रायव्हरला बोलावलं, सगळी कणसं ट्रॉलीत भरली आणि वर फ्लेक्स टाकला. आमच्या शहरात एक गोष्ट कधी कमी पडत नाही, ती म्हणजे फ्लेक्स. हा तर माझ्याच वाढदिवसाचा होता. वीस बाय दहाचा. हात जोडलेला माझा फोटो, गळ्यात सोन्याची साखळी, आणि खाली लाल अक्षरात 'भावी नगरसेवक'. कडेने दोरी आवळून बांधली. पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही, अशी. मी कमरेवर हात ठेवून ट्रॉलीकडे पाहिलं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

दोन दिवसांनी काकींचा ताप उतरला. त्या भिंतीला धरून गोठ्यात आल्या. ट्रॉली बघून जागीच थांबल्या. मग त्यांनी दोरी सोडली आणि माझं तोंड दोन्ही हातांनी धरून मागे ओढलं, फ्लेक्सवरचं. आतून वाफ आली. खरीखुरी वाफ, भाताच्या पातेल्याचं झाकण काढल्यावर येते तशी. आंबूस वास सुटला. काकींनी राशीत कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला, इतकी ती तापली होती. हातात जे कणीस आलं त्याला सगळीकडून पांढरे मोड फुटले होते. ताटाच्या तुकड्याला चिंधी तशीच बांधलेली होती.

बाहेरचं पाणी मी आत जाऊ दिलं नव्हतं. आतली ओल बाहेर जाऊ दिली नव्हती, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो आणि एवढं कळलं नाही.

काकी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकेक कणीस वर काढून बघत राहिल्या, की एखादं तरी वाचलं असेल. मंजुषा आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली, म्हणजे ओढणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी काकींनी हात झटकले आणि म्हणाल्या, "गुरांना घाला." आणि सरळ रानाकडे चालायला लागल्या. अंगात ताकद नव्हती, तरी.

मी मागे गेलो. वरच्या अंगाचं अर्धं रान अजून उभं होतं. काकी प्रत्येक चिंधीजवळ जाऊन कणीस चोळून बघत होत्या. साठ-पासष्ट चिंध्या उरल्या होत्या. दाणे ओले होते, फुगले होते, पण ठिपका नव्हता. मोबाइलवर पुढच्या चार दिवसांचा ऑरेंज अलर्ट होता. मी तो सांगितला तर काकी म्हणाल्या, "मला आभाळ दिसतंय, फोन नगं दावू."

प्रश्न सरळ होता. कणसं आज-उद्यात खुडली नाहीत तर रानातच मोड येणार. खुडली तर वाळवायची कुठं? गोठा गळका. घरात हॉलमध्ये पंख्याखाली ठेवावी तर जेमतेम चार पाट्या मावतील, आणि घरातही भिंतींना ओल आलेली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. मंगल कार्यालयात लोकांच्या तारखा. काकी बांधावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर वाऱ्यावर धरला. खाली वारा असा नव्हताच. मग त्यांनी मान वर केली. समोर ती अर्धवट इमारत. सहाव्या-सातव्या मजल्यावर कुणीतरी बांधलेलं हिरवं कापड फडाफडा उडत होतं.

"वर वारं हाय," त्या म्हणाल्या.

त्या इमारतीचं आणि काकींचं जुनं वैर. दोन वर्षांपूर्वी पाया खणताना साइटवाल्यांनी पंपाचं पाणी काकींच्या रानात सोडलं होतं. काकी विळा घेऊन गेटवर जाऊन बसल्या होत्या. तेव्हा साइट इंजिनिअर खाली आला, बुद्धरत्न नावाचा, तिशीच्या आतला मुलगा. पिंपरीचा. त्याने वाद घातला नाही. स्वतः पाइप फिरवून घेतला आणि चर खणून दिला. तेव्हापासून काकी त्याला 'सायेब' म्हणतात आणि धूळ उडाली की शिव्याही देतात. आता त्याच्याच दारात काही मागायला जायचं होतं. मी म्हणालो, "मी बोलतो, काकी. त्यांचा मालक माझ्या ओळखीचा आहे."

"तू गप ऱ्हा. तुझी वळख माझ्या बाजरीला बाधती."

पायात चिखलाच्या चपला, डोक्यावर पोत्याची खोळ, अशा त्या गेटवर गेल्या. बुद्धरत्न धावत आला. त्याला वाटलं असणार, पुन्हा पाणी सुटलं.

"सायेब," काकी म्हणाल्या, "पाऊस लागत न्हाई आन वारं लागतंय, आसा एक मजला मला चार दिस दे. बाजरी वाळवायचीय."

तो मुलगा क्षणभर बघतच राहिला. मी मागून सगळं सांगितलं. माझा पराक्रमसुद्धा, कारण काकी समोर होत्या. त्याने मान वर करून इमारतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाली काही होणार नाही, आजी. खालचं प्लास्टर वाळायला आठवडा लागतो. पाचव्यावरचं तीन दिवसांत वाळतं. सहाव्या-सातव्यावर अजून भिंतीच नाहीत, वर स्लॅब आहे. कडेला जाळी बांधलीय. काम दसऱ्यानंतर चालू होणार आहे तिथं."

"मंग दे की."

"वरून कुणी विचारलं तर माझं काही खरं नाही," तो हसून म्हणाला. "पण माझी आजी, तानुबाई, ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात कापणीला गेली. पिंपरीत राहायला आल्यावरसुद्धा दुकानातल्या बाजरीचा दाणा दाताखाली धरून बघायची. तुम्हाला नाही म्हटलं तर ती स्वप्नात येऊन मला झापेल. पण दोन अटी. हेल्मेट घालायचं आणि पायात बूट. आणि माल चढवायच्या लिफ्टमध्ये माणूस बसणार नाही. तुम्ही जिन्याने."

"मी कवा लिप मागितली?"

दुसऱ्या दिवशी भुरभुर पावसात आम्ही रानात उतरलो. मंजुषाने रजा टाकली. ऑफिसातल्या साहेबाला तिने कळवलं की घरी कापणी आहे, आणि साहेबाला बहुधा वाटलं की हे एखाद्या नव्या प्रोजेक्टचं नाव आहे. शेखर रात्रपाळी करून आला तो तसाच चिखलात उतरला. दरवर्षी "बास कर" म्हणणारा तो, पण विळा त्याच्या हातात असा बसला की मी बघत राहिलो. माझे दोन ड्रायव्हर होते. पावसाने साइटवरचं काम बंद होतं, म्हणून तिथल्या परभणीकडच्या सहा-सात बायका न बोलावता आल्या आणि आम्हा सगळ्यांच्या दुप्पट वेगाने कणसं खुडायला लागल्या. काकींनी मात्र आधी एकटीने जाऊन चिंधीची कणसं काढली. चांगली वीतभर ताट ठेवून. ती त्यांनी कुणाच्या हातात दिली नाहीत, माझ्या तर नाहीच.

पंचवीस-तीस कणसांची एक जुडी, सुतळीने बांधलेली. जुड्या लिफ्टने वर, काकी जिन्याने वर. डोक्यावर पदर, पदरावर पिवळं हेल्मेट, पायात मंजुषाचे गुलाबी पट्ट्याचे पळायचे बूट. प्रत्येक मजल्यावर त्या टेकत होत्या, दम घेत होत्या आणि तिथल्या भिंतींना नावं ठेवत होत्या. "ह्यो काय दरवाजा हाय का? म्हस आडकंल." सहाव्या मजल्यावर पोचल्या आणि समोरून वारं आलं. पदर उडाला, हेल्मेट मागे सरकलं. काकी डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां. हे खरं."

खांबाखांबांना बुद्धरत्नाच्या माणसांनी लोखंडी पाइप आडवे बांधून दिले होते. त्यांना आम्ही जुड्या उलट्या टांगल्या. दोन दिवस लागले. चिंधीच्या कणसांच्या तीन जुड्या मधोमध, जिथं दोन्हीकडून वारा यायचा. गॅलरीतून पाहिलं तर सिमेंटच्या त्या सांगाड्यात एक अख्खा मजला बाजरीचा झाला होता. रस्त्यावरून जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढत होते. माझ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे कुणी इतक्या वेळा मान वर करून पाहिलं नव्हतं.

पहिले दोन दिवस वारा भरपूर होता. तिसऱ्या दिवशी पडला. एकदम. हवा अशी दाबून बसली की अंगावरचा सदरा वाळेना. काकी दुपारी वर गेल्या आणि जुडीच्या पोटात बोट घालून बघितलं. बाहेरून वाळली होती, आत ऊब होती. ती ऊब म्हणजे काय, हे मला आता कळत होतं.

"सोडा समदं," काकी म्हणाल्या. "जुड्या आर्ध्या करा. सातव्यावर बी टांगा. बोटं फिरली पायजेत कणसात."

तीनशे जुड्या सोडून सहाशे बांधायच्या होत्या. शेखरला पाळी होती, ती त्याने बदलून घेतली. मी दोन बस उभ्या करून चार माणसं आणली. बुद्धरत्नाने हेल्मेट काढून ठेवलं आणि काकींनी डोळे वटारल्यावर परत घातलं, आणि तोही सुतळी बांधायला बसला. त्याच्या गाठी ढिल्या पडत होत्या. काकींनी एकदा करून दाखवली, दुसऱ्यांदा त्याचा हात धरून करून घेतली. संध्याकाळपर्यंत काम झालं. मी जितक्या जुड्या बांधल्या त्या सगळ्या काकींनी पुन्हा सोडून बघितल्या. मला राग आला नाही. त्यांचा हक्कच होता तो.

चौथ्या दिवशी पुन्हा वारा सुटला, आणि पाचव्या दिवशी दुपारी काकींनी मधल्या जुडीतलं एक कणीस काढलं. हातावर चोळलं, फुंकर मारली. कुसळं उडाली, तळहातावर राखाडी-हिरवे दाणे राहिले. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. 'कट्' असा आवाज आला. एवढासा, पण मला तो स्पष्ट ऐकू आला. काकी हसल्या. मग त्यांनी बुद्धरत्नाच्या हातावर दाणे ठेवले. "बघ. तुझ्या आजीसारखा बघ." त्यानेही दाताखाली धरला आणि मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

बाजरी नऊ पोती झाली. एरवी सोळा व्हायची, पण आजूबाजूच्या पाच गावांत त्या वर्षी मोड न आलेली बाजरी कुणाकडे होती? लोक विचारायला यायचे. काकी म्हणायच्या, "सहाव्या मजल्यावरची हाय, म्हागात पडंल," आणि मग भाकरीपुरती तशीच द्यायच्या.

पण पोत्यांचं काय एवढं? काकींचा जीव अडकला होता तो बियाण्यात. चिंधीची कणसं त्यांनी काठी न लावता हाताने चोळली. त्यात वरच्या अंगातली निवडलेली आणखी थोडी मिळवली. चार किलोच्या आसपास बी झालं. दिसायला देखणं होतं. पण दोन आठवडे पाण्यात काढलेला, तापेल तापेल म्हणता वाचलेला दाणा, आत जिवंत आहे की नाही, हे दिसण्यावरून कळत नाही. तो उगवला तरच बी, नाहीतर नुसतं पीठ.

तेवढ्यात घटस्थापना आली. आमच्याकडे घटाच्या मातीत पाच धान्यं टाकतात. काकी म्हणाल्या, "औंदा फक्त बाजरी."

मंजुषा घाबरली. "आई, आधी ओल्या फडक्यात बांधून बघूया ना. घटात उगवली नाही तर सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच कळू दे," काकी म्हणाल्या. त्यांनी शंभर दाणे मोजून घेतले. मंजुषाने पुन्हा मोजले. मातीत एकेक दाणा रोवला, वर पाणी शिंपडलं, दिवा लावला.

पहिली माळ झाली, दुसरी झाली. मी या ना त्या कारणाने रोज तिकडे चक्कर टाकायचो. तिसऱ्या माळेला सकाळी गेलो तर माती काळीच. काकी देवासमोर बसून होत्या. मी आल्या पावली परत फिरलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला कुणी आमदार करतो म्हटलं असतं तरी मी नको म्हणालो असतो, फक्त ते दाणे उगवू देत.

चौथ्या माळेला पहाटेच फोन वाजला. मंजुषाचा. ती नुसतीच हसत होती आणि रडत होती, काय बोलते ते कळेना. मी लुंगीवरच पळत गेलो. घटाभोवती कोवळ्या, हिरव्या टोकांची दाटी झाली होती. काकी चष्मा लावून, बोट जवळ नेत, न शिवता मोजत होत्या. मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मंजुषाने मोजलं. शेखरने मोजलं. चौऱ्याण्णव.

"शंभरात चौऱ्याण्णव!" काकी उठल्या, पदर खोचला, मंजुषाचे दोन्ही हात धरले आणि देवघरासमोर फुगडी घालायला लागल्या. एकोणसत्तर वर्षांची बाई! शेखर ओरडतोय, "आई, गुडघा, गुडघा!" आणि त्या गरगर फिरताहेत. मी टाळ्या वाजवत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. बुद्धरत्न आधीच आलेला होता, त्याच्या मांडीवर फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. काकी त्याला सांगत होत्या, "आईकडं दे. उंदराला लांब ठिव म्हणावं, आन वरसाला ऊन दाखव." मला आश्चर्य वाटलं. आमच्या घरचं बी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलेलं नव्हतं. मी पाया पडलो, आपट्याचं पान दिलं. काकी आत गेल्या आणि तशीच एक पुरचुंडी आणून माझ्या हातावर ठेवली.

"मला कशाला, काकी? मी तर नासवली."

"तू नासवलीस व्हय. पर एका घरात ठिवलं हुतं ही चूक माझी. चार घरी आसतं तर मला एवढा घोर लागला नसता." त्या थांबल्या. "आन तू आता न्हाई नासवायचा. तुझं तोंड बघितलंय मी त्या दिशी."

"पण माझ्याकडं रान कुठंय? विकलं मी."

"ठिवायला रान कशाला लागतंय? डबा लागतोय. हाय का डबा घरात?"

"हाय," मी म्हणालो. पुरचुंडी दोन्ही हातांनी धरून मी उठलो.

घरी आलो. माझ्या बायकोने, प्राजक्ताने, काजूचा स्टीलचा डबा रिकामा करून, पुसून, उन्हात तापवून दिला. बी ओतलं, झाकण घट्ट लावलं. वर चिकटवायला कागद घेतला. आयुष्यभर जिथं तिथं आपलं नाव लावायची सवय. पेन उघडलं आणि 'जय' लिहिलं गेलंसुद्धा. मग तो कागद फाडला. दुसरा घेतला, आणि त्यावर मोठ्या, ठळक अक्षरात लिहिलं: सोजरबाईंची बाजरी.